ऐकू न येता एकटीने आडरस्त्यांवर गाडी आणि तंबू : अनुभव, शंका, युक्त्या सगळं इथे लिहा

आडवाट_एकटी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मी जन्मापासून पूर्ण बहिरी आहे, हिअरिंग एडचा मला काही उपयोग होत नाही त्यामुळे लावतही नाही. गाडी चालवते, एकटी फिरते, हायवे सोडून आतल्या रस्त्यांनी जाते आणि रात्री तंबू टाकते नाहीतर मागची सीट पाडून गाडीतच झोपते. हे कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, अगं पण हॉर्न कसा ऐकू येतो? नाही येत. पण बंद काचा, एसी आणि गाणी लावून बसलेल्या माणसाला तरी बाहेरचं किती ऐकू येतं?

गाडी चालवणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे हे आधीच सांगून टाकते. आतला आरसा रुंद बसवून घेतलाय, बाजूच्या आरशांवर छोटे बहिर्गोल आरसे चिकटवलेत, आणि नजर सतत आरशांवरून फिरती असते. मागून अँब्युलन्स येतेय हे पुढच्या गाड्या कडेला सरकायला लागल्या की कळतं, मग आरशात लाईट दिसतो. गिअर कधी बदलायचा हे सीटमधून आणि दांड्यावरच्या तळहातातून कळतं. इंडिकेटर चालू राहिला तर टिकटिक ऐकू येणार नाही म्हणून वळण संपलं की डॅशबोर्डवरचा बाण बघायचा, याची आता सवय झालीये. जपानने 2008 साली पूर्ण बहिऱ्या लोकांना लायसन्स द्यायला सुरुवात केली तेव्हा अट हीच होती, रुंद आरसा आणि गाडीवर फुलपाखराचं चिन्ह. म्हणजे सरकारलाही पटलं की कानाचं काम आरसा करू शकतो.

आडरस्त्यावर दोन गोष्टी वेगळ्या होतात. एक म्हणजे आंधळं वळण. तिथे लोक हॉर्न देऊन वळतात आणि समोरचा हॉर्न ऐकून थांबतो. मला ती सोय नाही, मग प्रत्येक आंधळ्या वळणावर समोरून कुणीतरी येतच आहे असं धरून कडेला चिकटून आणि इतक्या हळू वळायचं की दिसेल तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. दुसरं म्हणजे कच्च्या रस्त्यावर सगळी गाडीच थरथरत असते त्यामुळे टायर बसायला लागला तरी स्टिअरिंगला लवकर जाणवत नाही. म्हणून टायर प्रेशरचे सेन्सर बसवलेत, आणि कुठेही थांबले की गाडीभोवती एक फेरी मारून चारी टायर आणि गाडीखालची जमीन बघते. काही गळत असेल तर ओला डाग दिसतोच.

खरा प्रश्न येतो रात्री, डोळे मिटल्यावर. दिवसभर डोळे कानाचं काम करतात आणि झोपलं की दोन्ही बंद. माझ्या मते बहिऱ्या माणसाच्या एकट्या प्रवासाची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी असते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहीनच पण आधी इतरांचंही वाचायला आवडेल.

आणि एकटी का, या प्रश्नाचं उत्तर. ऐकू येणाऱ्या ग्रुपबरोबर गेले की मी दिवसभर ओठ वाचत असते. कोण बोलतंय ते शोधा, त्याच्या तोंडाकडे बघा, अर्धे शब्द अंदाजाने भरा, तोवर दुसराच बोलायला लागलेला असतो. अंधार पडला की तेही बंद, सगळे शेकोटीभोवती गप्पा मारतायत आणि मला कुणाचे ओठ धड दिसत नाहीत. एकटी असले की डोळ्यांना फक्त रस्ता, डोंगर, आभाळ बघायचं काम. त्यात जो आराम आहे तो कुठल्याच रिसॉर्टमध्ये मिळत नाही. म्हणजे एकटं जाणं हे धाडस म्हणून नाही, विश्रांती म्हणून आहे.

तंबूतला_माणूस
मस्त धागा. ताई, मी ऐकू येणाऱ्यांपैकी आहे पण एकट्याने बरंच कॅम्पिंग करतो. तंबूत झोपताना मी अगदी नकळत कानांवर विसंबून असतो हे तुमचं वाचून लक्षात आलं. पाचोळा वाजला, डबा पडला, वारा वाढला, नदीचा आवाज बदलला. हे सगळं तुम्ही कसं सांभाळता? विशेषतः जनावरं आणि माणसं.

आडवाट_एकटी
@तंबूतला_माणूस नदीचा आवाज तुम्ही बरोबर काढलात, कारण जनावरांपेक्षा मला पाण्याची भीती जास्त. वरच्या अंगाला पाऊस पडला तर आपल्या डोक्यावर चांदणं असतानाही पाणी चढतं, ऐकू येणाऱ्याला निदान खळखळाट वाढल्याचं कळतं. म्हणून कोरड्या पात्रात, ओढ्याच्या वाळूत, पुलाखाली मुक्काम नाहीच. काठापासून लांब आणि वर. झुडपांत अडकलेला जुना कचरा, काटक्या, प्लॅस्टिक कुठल्या उंचीवर आहे ते बघायचं, पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं असतं, तंबू त्याच्या बराच वर.

जागा उजेड असतानाच ठरवते. पाठीला काहीतरी हवं, मोठा दगड किंवा गाडी, आणि समोर मोकळं. म्हणजे येणारा एकाच बाजूने येईल आणि ती बाजू मला दिसेल. हालचालीवर लागणारा बॅटरीचा दिवा त्या बाजूला लावते पण त्याचा उजेड बाहेर नाही, तंबूकडे तोंड करून. रात्री काही हललं की माझ्या तंबूचं कापड उजळतं. हे सेन्सर हलणारी उष्णता टिपतात, त्यामुळे संध्याकाळी तापलेलं गवत वाऱ्याने डोलत असेल तर उगाच लागत राहतात. म्हणून सेन्सरच्या टप्प्यातलं उंच गवत हाताने आडवं करते आणि सेन्सर गुडघ्याच्या वर बांधते, म्हणजे उंदीर ससे त्याच्या खालून जातात.

पण उजेडाने जाग येईलच असं नाही. त्यासाठी व्हायब्रेशन. असे सेन्सर मिळतात की जे वायरलेस असतात आणि त्यांचा रिसिव्हर थरथरतो. रिसिव्हर उशीखाली ठेवायचा सल्ला सगळे देतात, तो कॅम्पिंगला चालत नाही, स्लीपिंग मॅटचा फोम सगळी थरथर पिऊन टाकतो. मनगटाला बांधा, घड्याळासारखा, कातडीला लागून. फोनचं पण तेच, स्मार्टवॉच असेल तर अलार्म त्याच्यावर घ्या.

जनावरांचं म्हणाल तर बहुतेक जनावरं अन्नाच्या वासाने येतात. खाण्याचं सगळं बंद डब्यात, तंबूपासून लांब. तिथे ऐकू येणं न येणं सारखंच. चालताना मात्र फरक पडतो, पुढे जनावर असेल तर मला त्याची चाहूल लागत नाही, पण माझी त्याला लागली पाहिजे, म्हणून काठी आपटत चालते.

प्रोसेसरवाली
आडवाट, अगदी मनातलं लिहिलंस गं. मी कॉक्लिअर इम्प्लांटवाली, म्हणजे शस्त्रक्रियेने आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र आणि कानावर बाहेरून लावायचा प्रोसेसर. झोपताना प्रोसेसर काढून ठेवावा लागतो म्हणजे रात्री मी तुझ्याइतकीच बहिरी. पण दिवसा माझं वेगळंच चालू असतं, बॅटरी आणि दमट हवा. तंबूत पहाटे आतून दव धरतं, प्रोसेसर उघडा राहिला तर गेला कामातून. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि डबा स्लीपिंग बॅगच्या आत घेऊन झोपा. डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.

हिअरिंग एडच्या झिंक-एअर बॅटऱ्या वापरणाऱ्यांसाठी, ती छोटी चिकटपट्टी काढली की हवा आत जाते आणि बॅटरी झिजायला सुरुवात होते, नंतर परत चिकटवून फारसा फायदा नाही. त्यामुळे आदल्या दिवशीच सगळ्या सोलून ठेवू नका. पट्टी काढल्यावर चारपाच मिनिटं थांबून मग बसवा, जास्त टिकते.

आणखी एक फार महत्त्वाचं, इम्प्लांटच्या आत लोहचुंबक असतो. अपघात झाला, बेशुद्ध असलो आणि कुणी एमआरआय करायला नेलं तर ते माहीत असायलाच हवं. पाकिटात कार्ड आणि हातात मेडिकल बँड, दोन्ही. एकटं फिरताना आपल्या वतीने सांगणारं शेजारी कुणी नसतं.

काळजीवाहू_आई
मी हा धागा पहिल्यापासून वाचतेय. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, लहानपणी मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान गेले. आता म्हणतो एकट्याने गाडी घेऊन जाणार, तंबूत राहणार. त्याचे बाबा हो म्हणाले. माझा जीव टांगणीला लागलाय. मला त्याला अडवायचं नाहीये पण काही झालं तर तो फोनवर बोलणार कसा? मदत मागणार कशी?

सिग्नल_सैनिक
@काळजीवाहू_आई ताई, हा माझा विषय आहे म्हणून जरा लांब लिहितो.

आणीबाणीचे नंबर बहुतेक सगळीकडे आवाजी कॉलवर चालतात आणि मेसेजची सोय प्रत्येक देशात वेगळी. ब्रिटनमध्ये 999 ला एसएमएस करता येतो पण आधी नंबर रजिस्टर केलेला हवा, आयत्या वेळी नाही. तिथे जून 2022 पासून साईन लँग्वेजमधून व्हिडिओवर 999 गाठायची सोय पण आहे. अमेरिकेत 911 ला मेसेज जातो पण सगळ्या भागात नाही, जिथे सोय नाही तिथून तसा उलट मेसेज येतो. ऑस्ट्रेलियात 106 नंबर आहे, तो टेलिटाईपरसाठी, म्हणजे फोन लाईनवरून टाईप करून बोलायच्या यंत्रासाठी, साध्या एसएमएससाठी नाही. म्हणजे जिथे जायचं तिथलं आधी बघायचं, रजिस्टर करायचं असेल तर घरीच करायचं.

पण आडरस्त्यावर मोबाईलची रेंजच नसते, तेव्हा उपग्रह. यात दोन प्रकार. एक पर्सनल लोकेटर बीकन, 406 मेगाहर्ट्झवर सिग्नल पाठवतो. 1979 मध्ये कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत रशियाने मिळून ही कोस्पास-सारसॅट यंत्रणा उभी करायचं ठरवलं, 1982 पासून लोकांचे जीव वाचवतेय. बटण दाबलं की तुमची जागा कळते. बोलावं लागत नाही, पण तुमच्याशी कुणी बोलूही शकत नाही. दुसरा प्रकार दोन्हीकडून टेक्स्ट जाणारा सॅटेलाईट मेसेंजर. बहिऱ्या माणसाने शक्यतो हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत. पाय मोडलाय, रक्त येतंय, की नुसती गाडी अडकलीये हे लिहून सांगता येतं आणि मदत निघाली हे उत्तर वाचता येतं. तिथे तुमचा मुलगा आणि ऐकू येणारा माणूस अगदी एका पातळीवर. आयफोन 14 पासून काही देशांत फोनमधूनच उपग्रहावर एसओएस जातो, तोही लिहूनच.

एकच धोक्याची सूचना, काही देशांत परवान्याशिवाय उपग्रहावर चालणारी उपकरणं जवळ ठेवणं गुन्हा आहे आणि भारतही त्यात येतो. आधी नियम बघा, उगाच विषाची परीक्षा नको.

काळजीवाहू_आई
खूप खूप आभार. हे वाचून थोडं हायसं वाटलं. आता दुसरी भीती सांगते, रात्री कुणी काच ठोठावली आणि याला कळलंच नाही तर? पोलीस असतील तर त्यांना वाटेल मुद्दाम दुर्लक्ष करतोय.

रात्रपाळी
त्यासाठी गाडीच्या काचेवर बाहेरून दिसेल असा बोर्ड लावा ना, 'आत झोपलेल्या व्यक्तीला ऐकू येत नाही'. सोपं आहे.

आडवाट_एकटी
@रात्रपाळी याला माझा ठाम विरोध. दिवसा चालत्या गाडीवर चिन्ह लावा, चांगलंच आहे, मागचा उगाच चिडत नाही. पण रात्री आडजागी उभ्या गाडीवर असा बोर्ड म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्याला निमंत्रण, आत एकटी बाई आहे आणि तिला काहीही कळणार नाही. तंबूवर तर मुळीच नको.

मी काय करते ते सांगते. कार्ड बनवलंय, जाड कागद, लॅमिनेट केलेलं, मोठ्या अक्षरात. 'मला ऐकू येत नाही. कृपया लिहून सांगा. तोंडावर टॉर्च मारू नका, तुमचे ओठ मला दिसले पाहिजेत.' एका बाजूला आपली भाषा, दुसऱ्या बाजूला जिथे जाणार तिथली. हे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सनव्हायझरला अडकवलेलं असतं. पोलिसांनी थांबवलं की आधी आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, कानाकडे बोट दाखवून मान हलवायची आणि मग सावकाश कार्ड काढायचं. झटकन खिशात किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायचा नाही, ऐकू न आलेल्या हुकुमानंतर असा हात हलला तर समोरच्याचा गैरसमज जीवावर बेतू शकतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत असं कार्ड सरकारच देतं.

काच ठोठावणं मात्र कळतं बरं का. गाडीच्या पत्र्यावर कुणी हात मारला की सबंध बॉडीला धक्का बसतो आणि आपण पत्र्याला टेकून झोपलेलो असलो तर जाग येते. म्हणून मी पाय दाराला टेकवून झोपते.

रात्रपाळी
हं, हा विचार केला नव्हता. पटलं. बोर्ड रद्द.

ढगफोड
विजांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. आपण शिकलेलो असतो की वीज चमकली की गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर, आणि तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोसा गाठायचा. हा नियमच कानावर बांधलेला आहे. गडगडाट ऐकू येत नसेल तर अंतर कळायला मार्ग नाही.

त्यामुळे बहिऱ्या माणसाने सोपं धरावं, चमक दिसली की ती जवळचीच. तंबू सोडून गाडीत बसायचं, काचा वर, धातूच्या भागांना हात नाही. पत्र्याचं छप्पर असलेली बंद गाडी सुरक्षित, वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. तंबूचं कापड काहीच वाचवत नाही. शेवटची चमक दिसल्यावर अर्धा तास आत बसा. वीज कधीकधी ढगापासून दहा पंधरा किलोमीटर लांब, निरभ्र दिसणाऱ्या ठिकाणी पण पडते.

आडवाट_एकटी
@ढगफोड सोन्यासारखी माहिती. मी दिवसाउजेडी जमिनीला तळहात लावून बघते, जवळचा मोठा गडगडाट जमिनीतून आणि छातीत जाणवतो. पण लांबचा नाही जाणवत, आणि तुम्ही म्हणताय तो धोका लांबच्याचाच आहे, त्यामुळे तुमचा नियम बरोबर. दिवसा चमकही नीट दिसत नाही म्हणून विजेचा इशारा देणारं अ‍ॅप थरथरणाऱ्या नोटिफिकेशनवर ठेवते, रेंज असेल तोवर.

पांढरा_कोट
वैद्यकीय बाजूने दोन गोष्टी. पहिली कार्बन मोनॉक्साईड. वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. तंबूत शेगडी, कोळसे, विझत आलेले निखारेसुद्धा नकोत. थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं नको. मिळणारे अलार्म शिट्टी मारतात, तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. थरथरणारा किंवा झगझगीत दिवा लागणारा अलार्म असेल तरच तो अलार्म. ज्यांना थोडं ऐकू येतं त्यांच्यासाठी, नेहमीच्या अलार्मचा आवाज साधारण 3000 हर्ट्झचा, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांचा बहुतेक वेळा आधी गेलेला भाग. 520 हर्ट्झचा जाडा आवाज झोपेतून उठवायला कितीतरी चांगला ठरतो.

दुसरी, @काळजीवाहू_आई यांच्यासाठी खास. मेंदूज्वराने कान गेले असतील तर बऱ्याचदा आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रियही बिघडलेलं असतं. दिवसा ते कळत नाही कारण डोळे भरून काढतात. अंधारात, उंचसखल जमिनीवर ते उघडं पडतं. त्याला विचारा, रात्री दिवे गेल्यावर चालताना झोकांड्या जातात का. तसं असेल तर हेडलॅम्प कायम कपाळावर, लघवीला उठतानासुद्धा. आणि अंधारात किंवा गढूळ पाण्यात पोहायला उतरायचं नाही. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होतं, उत्तम पोहणारेसुद्धा यात बुडू शकतात.

काळजीवाहू_आई
डॉक्टर, तुम्ही हे लिहिलंत आणि मी त्याला लगेच विचारलं. म्हणाला, हो, अंधारात भिंत धरूनच चालतो, मला वाटायचं सगळ्यांनाच होतं. इतकी वर्षं आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

दुचाकी_दिगंत
बाईकवर फिरणारे बहिरे मित्र आहेत माझे. त्यांच्या मागे चालवताना एक गोष्ट कायम दिसते, कडेने काही आलं की माझ्याआधी त्यांची मान वळते. याच्यावर संशोधनही झालंय, हेलन नेव्हिल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात दाखवलं की जन्मापासून बहिऱ्या माणसांचं लक्ष नजरेच्या कडेला होणाऱ्या हालचालीकडे जास्त तीक्ष्ण असतं. डोळे जास्त चांगले असतात असं नाही, मेंदू कडेला जास्त लक्ष देतो. त्यामुळे ते चालवणार कसे असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो.

आडवाट_एकटी
@दुचाकी_दिगंत हो, मात्र उशिरा कान गेलेल्यांनी याच्यावर विसंबू नये. आरसे बघायची सवय त्यांना मुद्दाम लावून घ्यावी लागते.

@काळजीवाहू_आई ताई, तुमच्या मुलाला सांगा की पहिल्या मुक्कामाला घरापासून तासाभराच्या अंतरावर जा आणि तिथे रात्रीचं सगळं सामान वापरून बघ. सेन्सर लाव, तू झोपल्यावर कुणाला तरी मुद्दाम यायला सांग, जाग येते का बघ. नाही आली तर बांधायची जागा बदल.

आणि तुम्हा दोघांसाठी एक पद्धत सांगते, माझ्या घरी हीच चालते. निघताना वाट आणि मुक्कामाची जागा लिहून द्यायची, वाट बदलली तर रेंज जायच्या आधी कळवायचं. रोज एकच ठरलेली वेळ, मुक्काम लागल्यावर, त्या वेळी एक मेसेज आणि लोकेशन. व्हिडिओ कॉल नको, अर्ध्या काडीच्या रेंजमध्येही टेक्स्ट सुटतो, व्हिडिओ अडकतो आणि बॅटरी खातो. मेसेज नाही आला तर किती वेळ थांबायचं हे आधी ठरवा, आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत थांबतो. तोपर्यंत आईने घाबरायचं नाही, आणि दहा वाजले की अजिबात थांबायचं नाही, सरळ त्या भागातल्या पोलिसांना कळवायचं. कळवताना पहिलं वाक्य हे, की त्याला ऐकू येत नाही, हाका मारून शोधू नका, टॉर्च आणि रंगीत कपडा हलवत शोधा.

काळजीवाहू_आई
शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. मुलगा विचारतोय की मनगटावरचा रिसिव्हर किती लांबून पकडतो?

आडवाट_एकटी
पाकिटावर लिहिलेला आकडा मोकळ्या मैदानातला असतो, मध्ये गाडीचा पत्रा आला की निम्म्यावर येतो. तंबू आणि सेन्सर यांच्यामध्ये गाडी उभी करू नको म्हणावं, आणि रोज झोपायच्या आधी स्वतः सेन्सरसमोरून एकदा चालून बघायचं.